प्रथमपुरुषी अनेकवचन

मकरेसाहेबाला ळ येत नसे.
तीन वर्षं जीभ टाळूला लावून झटला,
हर्णैच्या पुळणीवर फेऱ्या मारत पुटपुटायचा:
जालं, केली, होली.
कोंडाय खारवीणही जालंच म्हणायची.
त्याला जमत नव्हता, तिला लागत नव्हता.
ळ म्हणणारा त्या ओसरीवर मी एकटा,
महिना बारा रुपयांवर नेमलेला शास्त्री.

साहेब खुर्चीत, मी पाटावर,
ती पायरीखाली, सुक्या बांगड्यांची पाटी
वाऱ्याच्या आडोशाला सारून.
ती म्हणाली, आमी जाताव.
मी लिहिलं, आम्ही जातो.
क्रियापदांना मासळीचा वास नसतो,
तरी घरी परतताना विहिरीवर
मी दोन घागरी अंगावर घेई.

लिंगांनी साहेब जेरीस आला.
वारा तो, लाट ती, आणि वादळ ते?
ते का?
कोंडाय म्हणाली, "त्याला आयबाप न्हाय म्हनून."
हे मी उतरून घेतलं नाही.
असं सूत्र कुठल्याच व्याकरणात नव्हतं.

मग आलं आम्ही आणि आपण.
साहेबाच्या बोलीत दोन्हींना मिळून एकच शब्द.
पण त्याचा एक चुलता अमेरिकेत, बर्फाच्या मुलखात,
तिथल्या रानातल्या लोकांची भाषा टिपत म्हातारा झालेला;
त्याने पत्रात कळवलं होतं म्हणे,
इथल्यांकडेही दोन आहेत:
एकात ऐकणारा आत घेतलेला,
एकात दाराबाहेर उभा.
ते पत्र साहेब आम्हाला वाचून दाखवी,
दोन किनारे एका दोरीने बांधल्यासारखा हरखून.

त्याच हरखात त्याने प्रार्थना रचली:
"हे आपल्या बापा, जो तू स्वर्गात आहेस..."
कोंडाय पाटी उचलता उचलता थांबली.
"म्हंजे द्येव बी आपल्यातच धरला?
मंग त्याचा बाप कोन?"
साहेब दोन रात्री झोपला नाही.
तिसऱ्या दिवशी त्याने आपल्या खोडून आमच्या केलं
आणि तिला एक आणा जास्त दिला.

तिने आपुन म्हटलेलं मी एकदाच ऐकलं.
आंजर्ल्याच्या खाडीत ओहोटीला तर रुतली,
साहेब तापाने फणफणलेला,
तरी मांडीभर चिखलात उतरून उभा,
तांडेल पलीकडे माणसं आणायला गेलेला.
मी वर बसून होतो, धोतर सावरत.
"ए भटा, बगत काय ऱ्हायलास?
आपुन तिगांनी लावला तर निगंल. लाव खांदा!"
मी लावला.
डाव्या अंगाला तिचं कोपर, उजव्या अंगाला साहेबाचा घाम,
आणि तर सुटली तेव्हा
आम्ही तिघंही एकदम तोंडावर पडलो
आणि हसलो. मीही.

पुस्तक छापून आलं तेव्हा साहेब
किल्ल्यासमोरच्या उंचवट्यावर पुरलेला होता.
पान एकेचाळीस.
आपण: बोलणारा व ऐकणारा मिळून.
उदाहरण: आपण जेवावयास बसू.
वाक्य माझं. शुद्ध आहे, चूक काढता येणार नाही.
फक्त, त्या ओसरीवरचे कोणी दोघे
कधी एका पंक्तीला बसले नाहीत.

साहेबाने शेवटच्या आठवड्यात विचारलं होतं,
उशीवरून मान न उचलता:
शास्त्री, रचलेलं नको,
कानांनी ऐकलेलं एखादं द्या.
मी म्हणालो, आठवत नाही.

त्या खाडीवरून आल्यावर
विहिरीवर किती घागरी घेतल्या,
ते अजून आठवतं.